छपाईवाल्याचं मनगट

ती केस अजून जशीच्या तशी आठवते, आणि गंमत म्हणजे तिच्यात चोर कुणीच नव्हता. छत्तीस वर्षं राजस्थान पोलिसात काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, घरफोड्यांचा तर हिशेबच नाही. पण घरी पाहुणे जमले आणि "काका, एखादी केस सांगा ना" असा आग्रह झाला, की मी हीच सांगतो आणि मंडळी हिरमुसतात. त्यांना हवा असतो पाठलाग आणि मी सांगत बसतो एका मनगटाची गोष्ट. नावं कुणाचीच देणार नाही. बहुतेक माणसं आजही जयपुरातच आहेत, आणि त्यातले दोघं मला दिवाळीला आठवणीने फोन करतात.

मराठी माणूस राजस्थान पोलिसात कसा, हे आधी सांगून टाकतो. वडील अमरावतीकडचे. दुर्गापुऱ्याच्या कृषी संशोधन केंद्रात नोकरीला आले आणि इथलेच झाले. घरात वऱ्हाडी, शाळेत हिंदी आणि ठाण्यात दोन्हींची खिचडी, असा माझा कारभार. खात्यात मला 'मराठा साब' म्हणत. इथे जोशी असो की पाटील, सगळे मराठेच.

निवृत्तीआधीची शेवटची तीन वर्षं मला दुर्घटना ठाणं मिळालं. जयपुरात रस्त्यावरच्या अपघातांचा तपास करायला वेगळी ठाणी आहेत. खात्यात ही नेमणूक कुणी मागून घेत नाही. सकाळी हजेरी, रोजनामच्यात नोंदी, रुग्णालयांतून आलेल्या खबरा, जागेचा नकाशा, गाडीची यांत्रिक तपासणी आणि मग एक्स-रेच्या रिपोर्टची वाट बघत बसणं. आवारात जप्त केलेल्या मोडक्या गाड्या धूळ खात उभ्या. मला वाटायचं, वाघाची शिकार करणाऱ्याला उंदीर मारायला बसवलंय.

अपघात झाला सांगानेरजवळ, सकाळी साडेआठच्या सुमारास. वैशाली नगरात राहणारा एक मराठी तरुण आईवडिलांना विमानतळावर सोडून परत निघाला होता. सांगलीकडचा मुलगा, इथल्या आयटी कंपनीत नोकरीला. डावीकडे वळताना आरशात बघायचं राहिलं आणि मागून येणाऱ्या स्कूटरला त्याच्या गाडीचा बंपर लागला. स्कूटरवर पन्नाशीचा एक छपाई कारागीर होता. सांगानेरला लाकडी ठप्प्यांनी कापड छापतात, त्यातला पिढीजात कसबी. तो पडला तो उजव्या हातावर.

मुलगा पळून गेला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्यानेच त्याला गाडीत घातलं, रुग्णालयात नेलं, प्लास्टर होईपर्यंत थांबला आणि फोन नंबर देऊन गेला. रुग्णालयाच्या खबरेवरून आम्ही गुन्हा नोंदवला, दोन्ही गाड्या ताब्यात घेतल्या. मुलाची गाडी आठवड्याभरात कोर्टाच्या आदेशाने सुटली. स्कूटर आवारात राहिली.

दीड महिन्याने दोघं हातात हात घालून यावेत तसे ठाण्यात आले. स्टॅम्पपेपरवर तडजोड लिहून आणली होती. मुलाने चाळीस हजार रुपये दिले, कारागिराने घेतले, हात पूर्ण बरा झाला, आता कसलीही तक्रार किंवा दावा उरला नाही, असा मजकूर.

"हात कसा आहे?" मी विचारलं.

"हाथ एकदम बढ़िया है साब," कारागीर म्हणाला. हात शालीत होता. जानेवारी जवळ आला होता, सगळ्यांचेच हात शालीत होते.

मुलगा हळूच मराठीत म्हणाला, "काका, तुम्ही आपलेच आहात म्हणून कळलं. तेवढं मिटवून टाका की. माझी परदेशाची संधी आहे."

आता कबूल करतो. तो कागद बघून मला बरंच वाटलं. असला गुन्हा ठाण्यात मिटत नाही, त्याला कोर्टाची परवानगी लागते, हे मला ठाऊक होतं. पण दोन्ही पक्ष राजी असले की तपास अधिकाऱ्याच्या डोक्याचा ताप उतरतो. शिवाय 'काका' ही हाक जयपुरात फार दिवसांनी कानावर पडली होती. मी कागद फाइलला लावला आणि मनात म्हटलं, चला, एक घोडं न्हालं.

चार दिवसांनी कारागिराची बायको स्कूटर सोडवायला आली. बरोबर भाऊ होता. कोर्टाचा आदेश, जामीनदाराची सही, सगळं नीट. डोक्यावरून पदर, बोलणं मोजकं. आमचं बोलणं हिंदीत झालं, इथे बहुतेक मराठीत देतो.

पोचपावतीवर अंगठा घेताना मी सहज म्हणालो, "मालक स्वतः नाही आले? आता तर हात बरा झालाय. झोकात घेऊन गेले असते स्कूटर."

"चलाएगा कौन, साब?" ती म्हणाली.

बोलून गेली आणि तिचा चेहराच उतरला. भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "विकायची आहे म्हणून नेतोय," एवढं पुटपुटून ती उठली. आयुष्यभर खबऱ्यांना पैसे चारले, पण एवढी पक्की खबर मला कुणी फुकट दिली नव्हती.

मी फाइल परत काढली. कागद पुन्हा वाचला तेव्हा त्याचा खरा अर्थ डोक्यात शिरला. रस्त्यावर अपघात झाला की जखमी माणसाला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. ती सहसा गाडीचा विमा देतो. उपचार, बुडालेली कमाई, पुढे बुडणारी कमाई, पुढचं ऑपरेशन, सगळं त्यात धरतात. पण 'हात पूर्ण बरा, दावा उरला नाही' असं स्वतःच्या सहीने लिहून दिलं, की पुढे तोच कागद आडवा येतो. वर दावा लावायला मुदत असते आणि ती काही कुणासाठी थांबत नाही. हात खरंच गेला असेल, तर या माणसाने चाळीस हजारांत उरलेलं आयुष्य विकलं होतं, आणि त्या विक्रीचा कागद मी खुशीने फाइलला लावला होता.

कारागिराला बोलावून घेतलं. खुर्ची दिली, चहा मागवला. अर्धा तास मी वेगवेगळ्या वाटांनी त्याच एका दारावर येत होतो.

"दुखतं का?"

"नहीं साब."

"मूठ वळते?"

"पूरी वळते."

"मग स्कूटर का विकता?"

"पुरानी हो गई साब."

आरोपीला बोलतं करायच्या शंभर युक्त्या मला येतात. फिर्यादीला बोलतं करायची एकही येत नव्हती. शेवटी नजर टेबलावरच्या जावक शिक्क्यावर गेली. आमचा तो शिक्का म्हणजे जुनं खोड. रबर झिजलेलं, वरून बुक्की मारल्याशिवाय उमटायचा नाही. मी एक कोरा कागद पुढे सरकवला. "तुम्ही ठप्प्याची माणसं. आमच्या शिपायाचा शिक्का कायम वाकडा येतो. एकदा सरळ मारून दाखवा बघू."

कसबी माणसाला कसब दाखवायला सांगितलं की तो नाही म्हणत नाही. त्याने डाव्या हाताने शिक्का उचलला, शाईवर टेकवला, कागदावर असा अचूक बसवला की पट्टी लावून बघावी. मग उजवी मूठ शालीतून बाहेर आली, वर गेली आणि तिथेच थांबली. त्याने ती सावकाश खाली आणली आणि शिक्क्यावर नुसती ठेवली. ठाण्याचं अर्धं नाव उमटलं, अर्धं कोरं राहिलं.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला माझीच लाज वाटली. चोराला सापळा लावून पकडावं, हे ठीक. या माणसाने काय केलं होतं?

"साब," तो म्हणाला, "सांगानेरात माणसाला त्याच्या नावाने ओळखत नाहीत, हाताने ओळखतात. अमक्याचा हात साफ, तमक्याचा हात जड. हात गेला असं कळलं की छपाईचं टेबल दुसऱ्याला जातं. माझ्या बापाचं टेबल आहे ते."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. डाव्या हाताने ठप्पा बसवायचा आणि वर उजव्या मुठीची थाप द्यायची, ही त्यांची पद्धत. आता ठप्पा तो बसवत होता आणि थाप बायको देत होती. कारखान्यात विचारलं तर सांगायचं, घरवालीला शिकवतोय. नवराबायको एका टेबलाशी उभे राहून दिवसभर एक माणूस होऊन कापड छापत होते.

"आणि भरपाई का नाही मागितली?"

"मुआवज़ा?" तो दचकलाच. "वो तो मरने वालों का होता है साब. मी जिवंत माणूस, कशाला मागू?"

आता मी त्या मुलाला बोलावलं. तो मिठाईचा डबा घेऊन आला, तो मी आधी दाराबाहेर ठेवायला लावला.

"गाडीचा विमा आहे?"

"आहे ना काका. बंपर त्यातूनच बदलून घेतला."

"आणि माणूस?"

"म्हणजे?"

"अबे, बंपर विम्यातून आणि माणूस खिशातून? काहून?"

एवढा शिकलेला, इंजिनीअर झालेला मुलगा, आणि त्याला वाटत होतं विमा म्हणजे गाडीचा. सक्तीचा जो विमा असतो तो मुळी समोरच्या माणसासाठी असतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण बंपरचा दावा करताना शोरूमच्या माणसाने फॉर्म भरला होता आणि त्यात 'कुणाला इजा झाली का' या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं होतं. याने न वाचता सही ठोकलेली. नंतर लक्षात आलं, तेव्हा घाबरून गप्प बसला. चाळीस हजारही त्याने मित्रांकडून उसने आणून दिले होते.

"मी फसवलं नाही हो काका," तो म्हणाला. "ते म्हणाले हात बरा आहे, मला ते खरं मानायचं होतं. मी परत विचारलंच नाही. विचारलं असतं तर..."

मला त्याचा राग आला होता, तो इथे निवळला. लबाडांची जोडी फोडणं सोपं असतं, एकाला दुसऱ्याविरुद्ध उभं केलं की झालं. दोन भली माणसं एकमेकांना सांभाळून घ्यायला लागली, की तपास अधिकाऱ्याचं काही चालत नाही. मी त्याला विमा कंपनीला खरं काय ते लेखी कळवायला सांगितलं. बंपरचे पैसे परत जातील, चौकशी होईल, परदेशाचं लांबेल, हेही सांगितलं. त्याने खिशातून पेन काढलं. मग म्हणाला, "कागद द्या काका, इथेच लिहितो." त्या दिवशी त्याने मला खऱ्या अर्थाने काका केलं.

हात तपासायला मी कारागिराला सरकारी रुग्णालयात पाठवलं. तिथल्या हाताच्या शल्यचिकित्सक पुण्याच्या निघाल्या. नव्या एक्स-रेवर बोट ठेवून म्हणाल्या, "मनगटात काजूच्या आकाराचं एक छोटं हाड असतं. प्लास्टर निघालं तरी ते जुळलंच नव्हतं. ऑपरेशन केलं तर पकड येईल. थाप येईल असं मी लिहून देणार नाही."

"अपंगत्व किती टक्के लिहिणार?"

"हाताचं लिहीन, ते फार मोठं दिसणार नाही. मी सही पेनाने करते, तुम्ही काठी धरता. हेच मनगट आपलं दोघांचं असतं तर आपली नोकरी चालूच राहिली असती. त्याच्या धंद्यात त्याचं काय जातं, ते कोर्टाला तुम्ही दाखवा."

बाईंच्या त्या वाक्याने माझी शिकवणी झाली. तोवर मी समजत होतो की भरपाई म्हणजे जखमेचा भाव. बोट गेलं की एवढे, पाय गेला की तेवढे. प्रत्यक्षात जखम तीच असली तरी माणसागणिक नुकसान बदलतं.

मग मी कारखान्यात गेलो. लांबच लांब टेबलं, त्यावर ताणलेलं कापड, आणि धप-धप असा एका लयीतला आवाज. एका साडीला किती थापा लागतात ते मोजायला उभा राहिलो आणि पाव साडीवर मोजणं सोडून दिलं. स्वतः दहा थापा मारून पाहिल्या, तर रात्री बायकोने मनगटाला बाम चोळला. हे सगळं मी अहवालात लिहिलं, बाम सोडून. पोलिसांना न्यायाधिकरणाकडे अपघाताचा सविस्तर अहवाल पाठवावा लागतो. एरवी आम्ही तो रकाने भरून मोकळे होतो. हा मी तीनदा लिहिला. ती तडजोड कुठल्या परिस्थितीत झाली, हेही लिहिलं, आणि आपण ती न तपासता घेतली हेसुद्धा. वरिष्ठांनी भुवया उंचावल्या. मी म्हटलं, साहेब, आता सहा महिन्यांत घरी जायचंय, लिहू द्या.

कारखान्याच्या मालकाचा जबाब मात्र जमेना. "काम चालू है, कोई शिकायत नहीं," यापुढे तो सरकेना. कारागीर शेजारीच उभा होता.

मुदतीच्या आत दावा दाखल झाला. काही महिन्यांनी न्यायाधीशांनी सगळ्यांना आपल्या दालनात तडजोडीच्या बोलण्यासाठी बसवलं. कारागीर, त्याची बायको, त्यांचा वकील, तो मुलगा, विमा कंपनीचा वकील, साक्षीला कारखान्याचा मालक आणि फाइल घेऊन मी. बोलणी बरी चालली होती. तेवढ्यात विमा कंपनीच्या वकिलाने नेमका मुद्दा काढला.

"साहेब, हे गृहस्थ आजही त्याच कारखान्यात, त्याच टेबलावर कामाला जातात. हवं तर मालकांना विचारा. मग कमाई बुडाली कुठे?"

न्यायाधीशांनी कारागिराकडे पाहिलं. "आप बताइए."

ठाण्यात, बंद दाराआड त्याने मला सांगितलं होतं. इथे समोर मालक बसला होता. खरं बोलला तर भरपाई मिळेल आणि टेबल जाईल. खोटं बोलला तर टेबल राहील, पण बायकोच्या मनगटावर, तीही किती दिवस? वकील त्याच्या कानाशी लागायला गेला, तर त्याने हाताने थांबवलं.

"साब," तो उठून उभा राहिला, "जाता मैं हूँ. छापती मेरी घरवाली है. मेरा हाथ नहीं चलता."

बायकोने पदर तोंडाला लावला. तो मालकाकडे न बघता तसाच उभा राहिला.

मालक म्हणाला, "साहेब, आम्हाला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. कपड़ा बता देता है. थाप हलकी पडली की रंग हलका बसतो. आमच्याकडच्या सगळ्या कारागिरांनाही माहीत आहे. यांनी सांगितलं नाही, म्हणून आम्ही विचारलं नाही."

कारागीर वळून त्याच्याकडे बघत राहिला.

"टेबल यांचंच आहे," मालक पुढे म्हणाला. "एवढ्या वर्षांची नजर मला दुसरीकडे कुठे मिळणार?"

विमा कंपनीच्या वकील साहेबांना वाटलं, आयतं कोलीत हाती आलं. "बघा साहेब! म्हणजे नोकरीला धक्का नाहीच."

न्यायाधीश चष्मा काढून म्हणाले, "वकील साहेब, या माणसाची नोकरी मालकाच्या भलेपणावर टिकली आहे. मालकाच्या भलेपणाची सूट विमा कंपनीला कशी देऊ?"

मी कोर्टात कधी हसत नाही. त्या दिवशी फाइल तोंडासमोर धरली.

तासाभरात तडजोड झाली. आकडा सांगत नाही, तो त्यांचा आहे. ऑपरेशनचा खर्च, बुडालेले महिने आणि पुढची बुडणारी कमाई त्यात धरली गेली. मुलाने दिलेले चाळीस हजार कारागिराने परत देऊ केले. मुलगा घेईना, दोघांची तिथेच ओढाताण, शेवटी न्यायाधीशांनीच वजावट लिहून तंटा मिटवला. फौजदारी खटल्यातही पुढे कोर्टाने तडजोडीला परवानगी दिली. मुलाला वर्षभराने परदेशी जायला मिळालं. ऑपरेशननंतर कारागिराच्या हाताला पकड आली, थाप आली नाही. तो आता रंग बघतो, नव्या पोरींना ठप्पा बसवायला शिकवतो आणि त्यांच्यावर मनसोक्त ओरडतो. त्याच्या बायकोला कारखान्यात तिचं स्वतःचं टेबल मिळालं. मालक म्हणतो, तिचा हात नवऱ्यापेक्षा साफ आहे. नवरा हे मान्य करत नाही.

मला मात्र सगळ्यात जास्त आठवतं ते दालनातून बाहेर आल्यावरचं. कोर्टाच्या व्हरांड्यात गार वारा सुटला होता. कारखान्यातले दोन-तीन कारागीर निकाल ऐकायला येऊन थांबले होते. हा त्यांच्यासमोर आला, थांबला आणि आपल्या कोटाची कॉलर धरून त्या मुलाला हाक मारली.

"बेटा, ज़रा ये बटन लगा दे. मुझसे नहीं लगता."

मुलगा पुढे झाला आणि एकेक करून चारही बटणं लावली. बाकीचे कारागीर चहा कुठे घ्यायचा याची चर्चा करत होते. कुणी वळूनही पाहिलं नाही.

छत्तीस वर्षांत मी कितीतरी माणसांकडून गुन्हा कबूल करून घेतला. दटावून, चुचकारून, कधी नुसतं गप्प बसून. आपलं नुकसान झालंय, हे कबूल करायला माणसाला त्याहून मोठी छाती लागते, हे मला या एका केसने शिकवलं. भरपाईचा कायदा चांगला आहे, पण तो सुरू होतो माणसाने 'माझं हे गेलं' असं म्हटल्यावर. ते त्याला म्हणता यावं, एवढी जागा समोर बसलेल्याने करून द्यायची असते. दुर्घटना ठाण्याच्या त्या खुर्चीत मी रडतखडत बसलो होतो. उठलो तेव्हा मनात आलं, ही नेमणूक दहा वर्षं आधी मिळायला हवी होती.